पहिली आवृत्ती कशी संपवावी?
(नवप्रकाशकांसाठी सुलभ मार्गदर्शिका)

अभिनंदन! आपण मराठी प्रकाशक झालात. बाइंडरकडून पाचशे प्रतींचे गठ्ठे टेम्पोतून घरी आले आहेत आणि पलंगाखालची ट्रंक बाहेर काढून तिथे सरकवले गेले आहेत. ‘हे हलणार कधी?’ असं घरच्यांनी एव्हाना विचारलं असेलच. त्यांना द्यायचं शास्त्रशुद्ध उत्तर पुढे दिलं आहे.

लागणारे साहित्य : प्रती ५००, सभागृह एक, शाली चार, नारळ चार, रंगीत कागद, रिबीन, व्हॉट्सॲप असलेला फोन आणि दुकानांच्या पायऱ्या चढू शकणारे गुडघे. पुस्तकातलं साहित्य यात धरलेलं नाही. त्याचं काम छपाईबरोबर संपलं.

पायरी १ : सरकारदरबार. आयएसबीएन क्रमांक दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून मोफत मिळतो. या सगळ्या प्रवासात आपल्याला फुकट मिळणारी ही एकमेव गोष्ट. यापुढे फुकट जे काही जाईल, ते आपल्याकडून जाईल. सुरुवात लगेच होते. १९५४च्या कायद्यानुसार प्रत्येक नव्या पुस्तकाची एकेक प्रत कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली इथल्या ग्रंथालयांना स्वखर्चानं पाठवायची असते. चार प्रती चार महानगरांत पोहोचल्या की लेटरहेडवर ‘अखिल भारतीय वितरण’ असं छापून घ्यावं. शिल्लक ४९६.

पायरी २ : प्रकाशन समारंभ. पुस्तक रंगीत कागदात गुंडाळून रिबीन बांधावी. गाठ सुरगाठच असावी. निरगाठ पडली तर मान्यवर दातांचा उपयोग करतात आणि नेमका तोच फोटो चांगला येतो. प्रमुख पाहुणा मोठ्या व्यासंगाचा निवडावा, म्हणजे आपलं पुस्तक वाचायला त्याला वेळच झालेला नसतो. तो ‘काल रात्रीच हाती आलं, नुसतं चाळलं’ असं म्हणेल आणि चाळीस मिनिटं स्वतःच्या पुस्तकावर बोलेल. लेखकाच्या २५, व्यासपीठावरच्या ६ आणि ‘अहो, आम्हाला सही करून द्या ना’ म्हणणाऱ्या स्नेह्यांच्या ४० प्रती बाजूला काढाव्यात. दाराशी मांडलेल्या टेबलावर तीस टक्के सवलतीत ९ प्रती विकल्या जातील. त्यांतल्या दोन लेखकाच्या सासुरवाडीनं घेतलेल्या असतात. शिल्लक ४१६.

पायरी ३ : परीक्षण. अभिप्रायार्थ दोन-दोन प्रती पाठवायची पद्धत आहे. दहा ठिकाणी पाठवा. तीन महिन्यांनी एका ठिकाणी ‘साभार पोच’ छापून येईल : नाव, लेखक, पानं, किंमत. किंमत चुकलेली असेल. दुरुस्ती मागू नये, आणखी एक ओळ मिळत नसते. शिल्लक ३९६.

इथे इतिहासाचा एक धडा घेऊ. १९३३ साली ह. वि. मोटे यांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध केलं. लेखिकेचं नाव विभावरी शिरूरकर, आणि ते टोपणनाव. ‘ही बाई आहे तरी कोण?’ या प्रश्नानं महाराष्ट्र घुसळून निघाला. जाहिरातीवर एवढा गाजावाजा विकत मिळाला नसता. आपणही हा प्रयोग करावा. फक्त आधी आपल्या लेखकाला टोपणनावासाठी राजी करावं. सध्या तो मुखपृष्ठावर स्वतःचा फोटो मागतो आहे. शिवाय एक किरकोळ अडचण आहे. त्या पुस्तकातला मजकूरही लोकांना झोंबला होता.

पायरी ४ : दुकान. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात सकाळी जाऊ नये, गाइडं घेणाऱ्या पालकांमुळे आत शिरता येत नाही. दुपारी जावं. दुकानदार पुस्तक उलटंपालटं करून ‘पाच ठेवा’ म्हणेल. याला जाकड म्हणतात. खपलं तर पैसे, न खपलं तर पुस्तक परत. दहा दुकानांत मिळून ५० ठेवा. तीन महिन्यांनी ४६ परत येतील, कोपरे दुमडलेले. शिल्लक ३९२.

पायरी ५ : समाजमाध्यमं. मुखपृष्ठ गटांवर टाकताच १२० अभिनंदनं, ८० हात जोडलेले आणि एक प्रश्न येईल : ‘पीडीएफ आहे का?’ रागावू नये. पुढे ती पीडीएफ आपल्याच गटावर कुणीतरी ‘जरूर वाचा’ म्हणून टाकली, तर पुस्तक लोकप्रिय झालं असं समजावं. शिल्लक जशीच्या तशी.

पायरी ६ : टपाल. रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर २०२४मध्ये बंद झालं. पुढच्या मे महिन्यात ‘ज्ञान पोस्ट’ आलं. सुरू झालं तेव्हा तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये. त्यात जाहिरातीचा मजकूर चालत नाही. मलपृष्ठावरच्या मान्यवरांच्या अभिप्रायाची मात्र काळजी करू नये. त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नसल्यामुळे ती जाहिरात ठरत नाही.

पायरी ७ : साहित्य संमेलन. गाळा घ्यावा. तीन दिवस लोक आपल्याला मुख्य मंडप, भोजनकक्ष आणि स्वच्छतागृह कुठे आहे हे विचारतील. उत्तरं नम्रपणे द्यावीत, कारण त्या ओघात ३१ प्रती जातात. शिल्लक ३६१.

हिशेब : फुकट ९५, विकत ४४. आता गठ्ठ्यांवर चादर घालून त्यांचा दिवाण करता येईल.

पायरी ८ : वाचक भेटल्यास काय करावे? ही वेळ क्वचित येते, म्हणून बेसावध राहू नये. कुठल्यातरी तालुक्याच्या गावाहून एका बाईंचा फोन येतो. बाईंनी संमेलनात एक प्रत घेतली होती, ती आणखी चौघींनी वाचली, आता प्रत्येकीला स्वतःची हवी आहे आणि दोन वाचनालयासाठी, अशा सहा. सत्त्याऐंशीव्या पानावरच्या प्रसंगाबद्दल त्या आपल्याला काहीतरी विचारतील. म्हणून आपलं पुस्तक आपण आधी वाचून ठेवावं. भेटप्रत देऊ करू नये, त्यांनी ती मागितलेली नाही. सवलतही त्या विचारत नाहीत.

पहिल्या सात पायऱ्या आपण बहुतेक पुस्तक न वाचणाऱ्या माणसांसाठी चढलो. ही आठवी आपण चढलोच नाही. चौघींनी एकमेकींना सांगितलं, एवढंच झालं. आता एक दोनशेपानी वही घ्यावी आणि बाईंचं नाव, गाव, फोन पहिल्या पानावर लिहावा. वहीत शंभर नावं होईपर्यंत दुसरं पुस्तक काढू नये.