पाय धुऊन घेण्याचा हुद्दा

वसईच्या कोणत्याही धर्मग्रामात जन्मलेल्या मनुष्याचा बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद चर्चच्या दफ्तरात इतक्या चोख रीतीने होते की, ख्रिस्ताचे शिष्यत्वही वडिलोपार्जित वाडीप्रमाणे केवळ फेरफार होऊन आपल्या नावावर चढते, असा त्याचा प्रामाणिक समज झाल्यास त्यास फारसा दोष देता येत नाही.

पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात. त्या बारांत आपले नाव यावे म्हणून जी खलबते आधीपासून चालतात ती पाहता, प्रभूने घालून दिलेला दासत्वाचा धडा आता मानाचा हुद्दा होऊन बसला आहे हे ध्यानात येते. आणि निवड झालेला मानकरी घरूनच टाचा घासून, नखे कापून, कोरे मोजे चढवून येत असल्याने धर्मगुरूंना धुण्याजोगे काही उरतच नाही. 2016 साली पोप फ्रान्सिस यांनी या विधीत स्त्रियांनाही प्रवेश दिला. उमेदवारी तेवढी वाढली.

मिस्सेत शांतीचे चिन्ह म्हणून एकमेकांस नमस्कार करणारे दोघे सोमवारी बांधाच्या तंट्यापायी दिवाणी न्यायालयात समोरासमोर उभे असतात, ही गोष्ट सर्वांस, व वकिलांस विशेष, ठाऊक असते.

मनुष्यस्वभाव जाणूनच की काय, 1983 च्या धर्मसंहितेने प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती सक्तीची केली आहे. भाविकांच्या आध्यात्मिक सेवेचा विचार करणारी समिती मात्र बिशपांस उचित वाटल्यास नेमावयाची आहे.