दिवसा डाव, रात्री डागडुजी

जास्त खेळलं की खेळ आपोआप सुधारतो, हा पोकरमधला सगळ्यात महागडा समज. या खेळात चुकीलाही बक्षीस मिळतं, आणि तेही रोख.

एकच डाव घ्या. टर्न, म्हणजे टेबलावरचा चौथा पत्ता, पडलाय. तुमच्या हातात दोन इस्पिकं, टेबलावरच्या चार पत्त्यांत आणखी दोन; पाचवं आलं तरच डाव तुमचा. पॉटमध्ये 1000 रुपये आहेत आणि समोरच्याने 500 ची बेट लावली. तुम्हाला न दिसलेले पत्ते 46, त्यात इस्पिकं 9. म्हणजे रिव्हरला, शेवटच्या पत्त्याला, इस्पिक यायची शक्यता 20 टक्क्यांहून किंचित कमीच. आणि 500 टाकून 2000 च्या पॉटवर हक्क सांगायचा, तर हवी 25 टक्के. पुढे छदामही मिळणार नसेल, तर हा कॉल दर वेळी सरासरी 109 रुपये खातो. पण पाचातून जवळपास एकदा इस्पिक पडतंच, 1500 रुपये आपल्याकडे सरकतात आणि शेजारचा पाठीवर थाप मारतो. झालं, चूक पक्की झाली! पुढच्या वेळी हात आपसूक पुढे जातो.

खिसा आपल्याला शिकवेल, असं कुणी म्हणत असेल तर त्याने हाही हिशेब करावा. 100 डावांमागे 5 बिग ब्लाइंड (पत्ते वाटण्याआधी लावावी लागणारी मोठी सक्तीची बेट) कमावणारा खेळाडू चांगलाच म्हणायचा. पण तेवढ्याच 100 डावांतला चढउतार 90-100 बिग ब्लाइंडच्या घरात असतो. त्यामुळे 10,000 डाव खेळूनही हा चांगला खेळाडू तोट्यात असण्याची शक्यता चारात एकाहून जास्त. प्रत्यक्ष टेबलावर तासाला 25-30 डाव होतात; 10,000 डाव म्हणजे साडेतीनशे-चारशे तास. एवढा वेळ घालवून ‘मी जिंकतोय, म्हणजे बरोबर खेळतोय’ म्हणणाऱ्याला नशिबाने मार्क दिलेले असतात, खेळाने नव्हे.

मग नुसता अभ्यास करावा? तीही जमात आहे. कोर्स विकत घेतलेले, सॉल्व्हर या सॉफ्टवेअरचे रंगीत तक्ते पाठ, दिवसाला दोन व्हिडिओ, आणि टेबलावर बसले की पालथ्या घड्यावर पाणी. सॉल्व्हर उत्तर देतो ते समोरचाही चोख खेळणार असं धरून. आपल्यासमोर बसतो तो चोख खेळत नाही. वरचाच डाव पाहा. इस्पिक पडल्यावर हा गडी सरासरी आणखी 556 रुपये देणार असेल, तर तोच तोट्याचा कॉल बरोबरीत येतो. देईल का? ते कुठल्याही तक्त्यात लिहिलेलं नाही. आकडा घरी काढायचा, माणूस टेबलावर वाचायचा. एकाशिवाय दुसरं लंगडं आहे.

या दोघांचा सांधा कसा जुळवावा, याचा धडा 2017 च्या जानेवारीत पिट्सबर्गच्या रिव्हर्स कॅसिनोत मिळाला. एका बाजूला कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या टुओमास सँडहोम आणि नोम ब्राउन यांनी घडवलेला लिब्रॅटस हा प्रोग्राम. दुसऱ्या बाजूला जेसन लेस, डाँग किम, जिमी चाऊ आणि डॅनियल मॅकॉले हे कसलेले व्यावसायिक. एकास एक, 20 दिवस, 1,20,000 डाव. नशिबाचा वाटा छाटण्यासाठी पत्त्यांची अदलाबदल ठेवलेली: एका खेळाडूला जे पत्ते, तेच दुसऱ्या टेबलावर प्रोग्रामला. शेवटी लिब्रॅटस 17 लाख डॉलरहून अधिक किमतीच्या चिप्सनी पुढे होता.

दिवसा खेळ चालायचा. रात्री चौघे एकत्र बसून मशिनला उद्या कुठे बोचायचं ते ठरवायचे. मशिनही रात्री जागं असायचं, पण त्याचं काम वेगळं होतं. माणसांच्या चुका ते शोधतच नव्हतं. दिवसभरात कोणत्या आकाराच्या बेट लागल्या, त्यांतल्या कोणत्या बेटला आपल्याकडे नेमकं उत्तर नव्हतं, एवढंच ते बघायचं. त्यातली सगळ्यात महत्त्वाची भोकं निवडून सुपरकॉम्प्युटरवर बुजवायचं. दिवसाला साधारण तीन. सुपरकॉम्प्युटर हाताशी असताना तीन! आणि आपण एका रविवारात प्रीफ्लॉपपासून रिव्हरपर्यंत सगळं उरकायला निघतो.

म्हणून ‘खेळाला किती तास, अभ्यासाला किती’ हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. सत्तर-तीस करा नाहीतर निम्मं-निम्मं. अभ्यासाचा विषय कालच्या खेळातून आला नसेल आणि उद्याच्या खेळात गेला नसेल, तर दोन्ही तास वाया. नवशिक्याने निम्मा वेळ तरी वहीला द्यावा, एवढं मात्र मी ठामपणे सांगेन. कारण त्याची भोकं मोठी असतात आणि लवकर बुजतात.

वही म्हणजे काय, तेही सांगतो. ज्या डावात हात अडखळला तो तिथल्या तिथे दोन ओळींत टिपायचा: आपण कुठे बसलो होतो, कुणापुढे किती चिप्स, बेट केवढी, मनात काय आलं. जिंकलो की हरलो, हे लिहायचंच नाही. ते लिहिलं की दुसऱ्या दिवशी मेंदू वकिली सुरू करतो. मोठ्या पॉटमागेही धावू नका. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीपुढे पाचात जवळपास एकदा हरतेच. सगळे पैसे आधीच आत गेले असतील, तर त्यात शिकण्यासारखं काही उरत नाही. तरी मित्रांच्या गटात तोच डाव तीन दिवस चघळला जातो. आणि तो 109 रुपयांचा कॉल, रोज गुपचूप होणारा, कुणाच्या गावीही नसतो.

खेळता खेळताही अभ्यास होतो, फक्त त्या दिवसापुरतं एकच काम ठरवावं लागतं. नॉर्वेच्या अ‍ॅनेट ओब्रेस्टाडने 2007 मध्ये 180 जणांची एक छोटी ऑनलाइन स्पर्धा स्वतःचे पत्ते झाकून खेळली. फक्त एकदा डोकावली, आणि स्पर्धा जिंकली. पत्तेच दिसत नाहीत म्हटल्यावर उरतं ते एवढंच: आपण कुठे बसलोय आणि समोरचा काय करतोय. त्याच वर्षी सप्टेंबरात लंडनला वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर युरोपची मुख्य स्पर्धा जिंकून तिने 10 लाख पौंड नेले. एकोणिसावा वाढदिवस दुसऱ्या दिवशी होता.

आपल्याकडे ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले, त्यात पोकरही गेलं. महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. राहिलं गोवा. पुण्या-मुंबईचा खेळाडू प्रवास, खोली, बाय-इन असा खर्च करून मांडवीतल्या बोटीवर पोचतो, पत्ते टाकतो आणि फोनवर रील्स बघत बसतो. हे पाहून माझा जीव तुटतो. नऊ जणांच्या टेबलावर बहुतेक डाव आपण टाकूनच देतो. म्हणजे खेळाचा बराचसा वेळ दुसऱ्यांचा खेळ बघायला फुकट मिळतो. कोण रिव्हरला हटकून पैसे देतो, कोण मोठी बेट फक्त पक्क्या पत्त्यांवर लावतो, हे कळायला यापेक्षा चांगली जागा नाही. आणि तुम्ही बघा न बघा, कॅसिनो आपला कट कापून घेतच असतो. घरखर्चाला लागणारे किंवा उसने पैसे घेऊन तर तिथे जाऊच नका. भेदरलेला माणूस शिकत नाही.

आणि घरचा सराव पैशाविना होतो. चार मित्र, पत्त्यांचा एक कॅट, चिप्सच्या जागी शर्टाची बटणं. सगळ्यांचे पत्ते उघडे ठेवा. ज्याची पाळी असेल त्याने आधी स्वतःच्या खेळीचं कारण मोठ्याने सांगायचं, बाकीच्यांनी त्यावर तुटून पडायचं, मगच बटणं पुढे सरकवायची. तासाभरात आठ-दहा डाव होतील. होऊ देत.