एवढंसं तर लागलंय!

अहो वहिनी, कपडे नंतर वाळत घाला, आधी इकडे कुंपणाशी या. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यांच्या नातवाचं कळलं ना? कुत्र्याच्या पिल्लाला बिस्किट घालत होता, त्यानं पोटरीला दात लावला. आणि आजीनं काय करावं? मिरचीपूड चोळली, वर चुना! पोरगं बोंबललं म्हणून गल्लीला कळलं तरी. एरवी पोरं सांगतात कुठे? सांगितलं की आधी घरचाच धपाटा.

मी आपली सरळ आत गेले नि त्याला नळाखाली धरला. साबण लावून वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटं धू धू धुतलं. आजीचं चालूच, "रक्तसुद्धा नाही आलं गं, एवढंसं तर लागलंय! आणि पिल्लाला कसला आलाय रोग?" म्हटलं, आजी, पिल्लू असो की मांजर, नुसतं खरचटलं तरी रेबीजची लस घ्यायचीच. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत नि भोवती सीरमपण टोचतात, कारण लसीचा असर यायला आठवडा-दोन आठवडे जातात. त्यांची खरी भीती निराळीच होती हो. पोटातली चौदा इंजेक्शनं! ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस बंद होऊन वीस वर्षं झाली. आता सरकारी दवाखान्यात दंडाच्या कातडीत टोचतात, फुकट. पहिला दिवस शून्य धरायचा, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा.

"कुत्रं दहा दिवस बघू, मग ठरवू," असं सूनबाईंचं मत. बघा की! पण लस आजच सुरू करून बघा. कुत्रं दहा दिवस धडधाकट राहिलं तर पुढचे डोस थांबवायचे का, ते डॉक्टर सांगतील. रेबीजचा विषाणू नसांतून मेंदूकडे सरकतो. एकदा पाण्याला घाबरायला लागला माणूस, की मग जवळजवळ कुणी वाचत नाही.

आणि गंमत ऐका. माझ्या माहेरी एक म्हैस पिसाळून मेली, तर तिच्या दुधाचा चहा प्यालेले झाडून सगळे लसीच्या रांगेत! चहातलं दूध उकळलेलंच की, त्यातून काय होणार? ज्यांना गरज नाही ते धावतात, आणि ज्याला दात लागलाय तो चुना लावून बसतो.

म्हापशाची माझी बहीण सांगते, तिकडे घरोघर हिंडून, जाळी टाकून कुत्र्यांना लस टोचतात नि टोचलेल्याच्या डोक्यावर रंगाचा पट्टा ओढतात. शाळेत पोरांनाही शिकवतात. 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित जाहीर झालं. आपल्याकडे नुसती मोकाट कुत्र्यांवर ओरड. पाळलेल्यांचं कोण बघतं?

आता विषय निघालाच आहे तर विचारते, रागावू नका. तुमचा मोती परवा फाटक उघडं राहिलं तेव्हा रात्रभर बाहेर होता, आणि आमची पोरं त्याच्या अंगावर लोळतात. त्याची यंदाची लस झालीय का? वर्ष उलटलं असेल तर उद्याच जनावरांच्या दवाखान्यात न्या बाई. भाऊजींना वेळ नसेल तर मी येते सोबत.