ॲपासाहेब

ॲपासाहेबांची कादंबरी अजून सुरू व्हायची आहे, पण तिच्या बॅकअपची व्यवस्था चोख आहे. एक प्रत गूगल ड्राइव्हवर, एक ड्रॉपबॉक्समध्ये आणि एक नखाएवढ्या मेमरी कार्डावर. हे कार्ड पाकिटात रेल्वेच्या पासामागे, गजाननमहाराजांच्या फोटोला चिकटून असतं. तिन्ही प्रतींत मिळून वाक्य एकच आहे. त्या वाक्याबद्दल पुढं सांगणारच आहे, कारण इतका प्रवास केलेलं दुसरं मराठी वाक्य माझ्या पाहण्यात नाही.

त्यांचं खरं नाव वेगळं. सव्वासातला पुण्याहून सुटणाऱ्या डेक्कन क्वीनच्या पासवाल्यांच्या डब्यात पत्ते कुटणारी एक टोळी असते, तिनं हे नाव ठेवलं. त्यांनीही ते मोठ्या मनानं घेतलं. अट एकच घातली, की लिहिताना आधी 'अ' टाइप करून त्याच्या डोक्यावर चंद्र ठेवायचा नाही, 'ॲ' हे अख्खं अक्षर एका फटक्यात उमटलं पाहिजे. "२००८ साली युनिकोडमध्ये त्याला स्वतःची जागा मिळाली आहे," ते म्हणाले. "दिसायला दोन्ही सारखेच, पण एकाला शोधायला गेलात तर दुसरा सापडत नाही. एकाच वाड्यातले भाऊ, कोर्टात केस चालू."

टोळीतल्या एकानं हे ऐकून उतारी टाकायची ती हुकूमच टाकला.

ॲपासाहेब फोर्टातल्या एका कचेरीत आहेत. वय पन्नाशीच्या अल्याड की पल्याड, हे त्यांच्या मिशीच्या त्या दिवशीच्या रंगावर अवलंबून. जाऊन-येऊन रोजचे जवळजवळ साडेसहा तास गाडीत. एवढ्या वेळात माणूस झोप काढतो, कोडं सोडवतो, शेजाऱ्याच्या मुलीचं लग्न जमवतो. ॲपासाहेबांनी हिशेब मांडला: रोज पाचशे शब्द म्हणजे ऐंशी हजार शब्दांची कादंबरी एकशे साठ दिवसांत हातावेगळी. हा हिशेब एक्सेलमध्ये आहे, रंगीत आहे, आणि सुट्ट्या, संप व मेगाब्लॉक वजा करून केलेला आहे. आता फक्त योग्य ॲप ठरलं, की सुरुवात.

हे 'फक्त' चाललंय ते टॅब बाजारात आल्यापासून.

मधली काही वर्षं पटकन सांगतो. वर्ड झालं, गूगल डॉक्स झालं, एव्हरनोट झालं. मग २०१६ साली स्क्रिव्हनर आयपॅडवर आलं. अँड्रॉइडवर ते नव्हतंच. ॲपासाहेबांजवळ अँड्रॉइड टॅब होता, बरा चालत होता. पण ॲप जिथं असेल तिथं लेखकानं जावं या न्यायानं त्यांनी आयपॅड घेतला. जुनाही ठेवला, तुलनेसाठी. तेव्हापासून त्यांच्या मांडीवर दोन टॅब, एक घडीचा कीबोर्ड आणि एक पेन्सिल असते. चहाचा कप शेजाऱ्यानं धरायचा.

स्क्रिव्हनरमध्ये भिंतीवर टाचण्या लावून चिठ्ठ्या टांगाव्यात तशी सोय आहे. दर प्रकरणाची एक चिठ्ठी, हवी तशी मागं-पुढं करावी. ॲपासाहेबांनी चौतीस चिठ्ठ्या केल्या. संघर्षाच्या लाल, विरहाच्या निळ्या, समेटाच्या पोपटी. मजकूर कशावरच नव्हता, तरी त्यांनी अकरावं प्रकरण उचलून सहाव्याच्या जागी ठेवलं तेव्हा, खोटं कशाला सांगू, कादंबरीनं वेग घेतला असं मलाही वाटलं.

पुढं ते युलिसिस नावाच्या ॲपच्या प्रेमात पडले. पण २०१७ साली त्या मंडळींनी एकरकमी विक्री सोडून वर्गणी चालू केली आणि ॲपासाहेबांचं मन उडालं. चिकूपणा नव्हे हो, माणूस दिलदार आहे, कटलेटचे पैसे दुसऱ्याला देऊ देत नाही. त्यांचा आक्षेप तात्त्विक होता. "दर महिन्याला पैसे कापले जाणार, म्हणजे दर महिन्याला लिहावं लागणार. हा दबाव साहित्याला मारक आहे."

मग सगळं सोडून ते साध्या टेक्स्ट फाइलवर आले. ठळक हवं तर शब्दाच्या दोन्ही अंगांना फुल्या, शीर्षक हवं तर आधी चौकट-खूण. याला मार्कडाउन म्हणतात, २००४ साली जॉन ग्रुबर नावाच्या माणसानं काढलं, हे आमच्या डब्यातल्या चहावाल्यालासुद्धा आता माहीत आहे. इथं मात्र ॲपासाहेबांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टांत 'क' किंवा 'म' असा नसेच. तो इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेला असे. फॉन्ट हरवला की कथेचा पाचोळा. किती जणांच्या नव्वदच्या दशकातल्या कथा-कविता अशा फाइलींत अडकून पडल्या आहेत! साधी टेक्स्ट फाइल कुठंही उघडते, उद्याही उघडेल. ॲपासाहेबांची तर अधिकच खात्रीनं उघडेल. तीत बिघडण्यासारखं फारसं नाही.

आता ते वाक्य.

कुठल्याही नव्या ॲपची पहिली परीक्षा ॲपासाहेब या एका वाक्यानं घेतात: 'दऱ्याखोऱ्यांतून भटकणाऱ्या म्हाताऱ्यानं क्लृप्ती लढवून ॲल्युमिनियमच्या पातेल्यात उंदीर कोंडला.' वाक्य त्यांनी स्वतः बांधलंय आणि त्यात एकही शब्द उगाच नाही. भल्याभल्या परदेशी ॲपांचे सुंदर सुंदर फॉन्ट 'दऱ्या'शी येऊन कोसळतात. अर्धा र डोळ्याच्या पापणीसारखा यायला हवा, त्याऐवजी कुठं तो रफार होऊन य-च्या डोक्यावर बसतो, कुठं पाय मोडून नुसताच उभा राहतो. 'ॲल्युमिनियम' हा चंद्रासाठी. आणि 'क्लृप्ती' हा शब्द आहे बॅकस्पेससाठी. दिसायला अक्षरं दोन, पण आत क, हलन्त, ल, ऋकाराची खूण, प, हलन्त, त, वेलांटी अशी आठ चिन्हं. जो कीबोर्ड एकेक चिन्ह पुसतो तिथं आठदा बोट आपटावं लागतं, आणि जो हुशारी करून एका फटक्यात अक्षर उडवतो तिथं चुकलेली वेलांटी काढायला गेलं की अख्खा 'प्ती' जातो. "इंग्रजी लेखकाला हे भोग नाहीत," ॲपासाहेब सांगतात. "त्यांच्या कादंबऱ्या जाड का असतात, ते आता कळलं?"

हे वाक्य आजवर इतक्या ॲपांत उतरलंय की मला त्या म्हाताऱ्याचा लळा लागला. एकदा न राहवून विचारलं, "पुढं काय झालं हो? उंदराचं?"

ॲपासाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "पुढं कशाला? सगळी जोडाक्षरं येऊन गेली की."

दुसरी परीक्षा नेटवर्कची. विमान मोड लावून बघणं हा त्यांच्या मते घरगुती प्रकार. खरं ॲप बोरघाटात कळतं. लोणावळा गेलं की दोन्ही टॅबांवर दोन बोटं ठेवून ते सज्ज होतात. बोगदा येतो, रेंज जाते, ते आयपॅडवर एक स्वल्पविराम घालतात. बोगदा संपतो, पुन्हा बोगदा, ते अँड्रॉइडवर एक स्वल्पविराम काढतात. कर्जतच्या सपाटीला आल्यावर दोन्ही टॅब एकमेकांशी बोलू लागतात, त्यांचं पटत नाही, आणि एकाऐवजी दोन म्हातारे असलेली फाइल तयार होते. कोणता म्हातारा ठेवायचा यात दादर येतं.

बोलून लिहिण्याचा प्रयोगही झाला. हल्ली मराठी बोललं की टॅब लिहितो, बऱ्यापैकी लिहितो. ॲपासाहेबांनी माइक ओठांशी धरून नायिकेचं वर्णन सुरू केलं. जे उमटलं ते मी पाहिलं आहे: 'ती खिडकीशी उभी होती कटलेट ऑम्लेट तिच्या डोळ्यांत अरे गुलाम टाक गुलाम एक अनामिक सरका थोडं आत सरका.' विरामचिन्ह एकही नाही. माझं प्रामाणिक मत, दिवाळी अंकांत याहून दुर्बोध गोष्टी मानधन घेऊन गेलेल्या आहेत. ॲपासाहेबांनी ते पुसलं. त्यांच्या हातून झालेला तो एकमेव साहित्यिक अपराध.

मग कुणीतरी त्यांना ते भयंकर ॲप दाखवलं, ज्यात पाच सेकंद हात थांबला की लिहिलेलं सगळं नाहीसं होतं. लेखकाला जुंपायला काढलेली युक्ती. ॲपासाहेबांनी म्हाताऱ्याला त्यात उतरवलं. 'भटकणाऱ्या'पर्यंत आले आणि टीसीनं पास मागितला.

त्यांची चेष्टा करणं सोपं आहे, आणि मी ती वर केलीच आहे. पण वाद घालायला बसलात तर हरवता येत नाही. मी एकदा जरा ठसक्यात म्हटलं, "अहो, टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य पेन्सिलीनं लिहिलं. साने गुरुजींनी १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत श्यामची आई लिहून टाकली. कुठलं ॲप होतं त्यांच्याकडे?"

"तेच तर म्हणतोय!" ते सरसावून बसले. "फोन नाही, नोटिफिकेशन नाही. पान एक, हात एक. जेवण वेळेवर. इतका फुलस्क्रीन मोड आज कोण देतो?"

"आणि वर्गणीही नाही," पत्त्यांतून आवाज आला.

दादरपर्यंत ते गप्प होते. उतरायच्या गडबडीत त्यांनी शेजारच्या वकिलांना हळूच विचारलं, की साधी कैद, म्हणजे फार बदनामी न होता, तीनेक महिन्यांची, ती साधारण कशाकशाला मिळते.

'गेम ऑफ थ्रोन्स'वाले जॉर्ज मार्टिन आजच्या जमान्यात डॉसच्या मशीनवर वर्डस्टार ४.० चालवून लिहितात, हे कळलं तेव्हा मात्र आम्ही घाबरलो. आठवडाभर ॲपासाहेब टॅबवर वर्डस्टार बसवायच्या मागे होते.

तरी आमच्या डब्यातून लेखक निघतात ते ॲपासाहेबांमुळेच, हे मान्य केलं पाहिजे. बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी भीत भीत विचारलं, की गाडीत थोडंसं लिहावं म्हणते, कशात लिहू? ॲपासाहेबांनी त्यांचा टॅब हातात घेतला, दोन प्रश्न विचारले – सलग लिहिता की तुकड्यातुकड्यानं, आणि कुणाला पाठवायचं असतं का – आणि निकाल दिला. "गूगल डॉक्स. फाइल ऑफलाइन करून ठेवा. जीबोर्डवर मराठी घ्या. फॉन्टच्या यादीला हात लावायचा नाही." बाईंच्या कथा आता दिवाळी अंकांत येतात. वकिलांची बोटं जाड, टायपिंगचा वैताग. त्यांना पेन्सिल देऊन हस्ताक्षर ओळखणाऱ्या कीबोर्डवर बसवलं, ते आठवणी लिहितात. एक निवृत्त मास्तर अधूनमधून मुंबईला लेकीकडे जातात. सुचेल तशा चार ओळी टिपायच्या, त्यांना गूगल कीप. रोगी पाहून औषध, आणि दुसऱ्यांदा यावं लागत नाही.

"मग तुम्हीच गूगल डॉक्स का नाही घेत?" मी विचारलं.

"त्यांना फक्त लिहायचं होतं," ॲपासाहेब म्हणाले. आवाजात त्या सगळ्यांविषयी खरीखुरी कणव होती. बिचाऱ्यांचा शोध किती लवकर संपला!

बाईंचा संग्रह निघाला तेव्हा त्यांनी ऋणनिर्देशात ॲपासाहेबांचं नाव घातलं, खरं नाव, आणि पहिली प्रत गाडीतच हातात दिली. पत्ते थांबले. पेढे फिरले. ॲपासाहेबांनी ऋणनिर्देशाचं पान ओलांडलं, प्रत डोळ्यांजवळ नेली, बरीच पानं चाळली. छापखाना अजूनही मजकूर जुन्या फॉन्टात उलथून मग पानं लावत असावा. कारण एका पानावर त्यांचं बोट थांबलं. "इथं बघा. 'सुऱ्या'चा र फुटलाय."

बाईंनी पाहिलं. फुटला होता.

अशा माणसावर लिहायला हवं असं माझ्या मनात बरेच दिवस होतं. परवा त्यांनी मला फोनवर काहीतरी खुडबुडताना पकडलं. मी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच निरोप पाठवून टिपणं ठेवतो हे कळल्यावर त्यांचा चेहरा असा झाला, की वकिलांनी त्यांना पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी माझा फोन ताब्यात घेतला, तीन ॲपं उतरवली, दोनांत खाती उघडली, आईचं माहेरचं आडनाव विचारलं आणि फोल्डर करायला घेतले. फोल्डरला नाव हवं म्हणून विषय विचारला.

"तुमच्यावरच लिहायचं म्हणतोय," मी चाचरत म्हटलं.

त्यांनी मान वर केली नाही. "मजकूर किती झालाय?"

"अजून एक ओळही नाही."

"उत्तम!" ॲपासाहेब म्हणाले. "म्हणजे मायग्रेशनची कटकट नाही."