टर्मिनलला सोडा

गाडीच्या वायरिंगचं काम करणारा माणूस गावोगाव सारखाच. बॅटरीच्या ॲसिडने भोकं पडलेली पँट, खिशात दोन वायरी जोडलेला बल्ब, आणि तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवर काडीचाही विश्वास नाही. शिर्डीतल्या वायरिंगवाल्याचं मात्र एक जास्तीचं दुखणं आहे. त्याचं निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक परगावचं, आणि सगळंच घाईत. कुणाला काकड आरती गाठायची असते, कुणाला दर्शन आटोपून त्याच दिवशी शनिशिंगणापूर करायचं असतं. २०२२ च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी समृद्धी महामार्ग सुरू झाला, तेव्हापासून तर विदर्भातली मंडळीही रात्री घरी जेवायला पोचण्याच्या गोष्टी करतात. 'श्रद्धा-सबुरी'च्या पाटीखाली उभं राहून सगळे एकच विचारतात, "किती वेळ लागेल?"

नगर-मनमाड रस्त्याकडेच्या एका टपरीत असेच एक आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात, भाचे मोजायची सोय नाही.

आमची गाडी पहाटे लॉजच्या आवारात अडून बसली. सेल्फ मारला की हेडलाइट आणि डॅशबोर्डवरचे दिवे वाऱ्यावरच्या पणतीसारखे लुकलुकायचे. तीन-चारदा कण्हून इंजिन एकदाचं उठायचं. मेव्हण्याने मोबाईलवर दोन व्हिडिओ पाहून निकाल दिला, बॅटरी संपली. लॉजच्या मॅनेजरचं मत डायनामोवर पडलं. शेजारच्या गाडीतल्या काकांनी सेल्फच काढायला सांगितला. सासूबाईंनी कुणालाच न विचारता बॉनेट उघडायला लावलं आणि बॅटरीवर उदी टाकली.

गाडी कशीबशी टपरीवर नेली. मामांनी बॅटरीवरची उदी चिमटीत घेऊन आधी स्वतःच्या कपाळाला लावली. मग म्हणाले, "माई, उदी कपाळाला. टर्मिनलला सोडा."

सोडा म्हणजे राहू द्या, असं समजून सासूबाई खट्टू झाल्या. तोवर मामांनी खायच्या सोड्याची बरणी बाहेर काढली होती.

पण ती उघडण्याआधी उलटतपासणी झाली. "मंद होतात का लुकलुकतात?"

फरक असतो म्हणे. हेडलाइटच्या एका बल्बला पाचेक अँपिअर पुरतात, सेल्फ एका दमात शंभर-दीडशे ओढतो. पंगतीत पैलवान बसला की वाढपी बाकीच्यांकडे कमीच फिरकतो, तेव्हा दिवे थोडे मंद होणारच. काही गाड्यांत तर सेल्फ मारताना हेडलाइट बंद व्हावेत अशी कंपनीचीच व्यवस्था असते. नुसत्या मंद दिव्यांची तक्रार घेऊन आलेलं गिऱ्हाईक मामा चहा पाजून परत पाठवतात. ते पुढच्या चौकात जाऊन नवी बॅटरी घेतं.

"लुकलुकत्यात," मी म्हणालो.

"मग कुठंतरी हात सुटलाय."

मीटर लावला. उभ्या गाडीत बॅटरी साडेबारा व्होल्ट. सेल्फ मारल्यावर साडेदहा. "साडेनऊच्या खाली गेली असती, तर पाव्हण्यांचं खरं व्हतं," असं म्हणून त्यांनी मेव्हण्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग मीटरची एक सुई बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी बॉडीच्या पत्र्यावर टेकवली. "मारा सेल्फ!" तिथे आकडा शून्याला चिकटून राहायला हवा होता, तो दीडपर्यंत नाचून आला.

"अर्थिंग," मामा म्हणाले. आरोपीचं नाव पुकारावं तसे.

मेव्हणा अजून वाद घालायच्या बेतात होता. मामांनी देवळाच्या दिशेने हात केला. "दर्शनाला आत जायला रांगा कितीबी करा. बाहेर पडायच्या दारात एकजण चपला शोधत बसला, की आतलं सगळं तुंबतं. करंटलाबी परत यावं लागतं, भाऊ."

तो चपला शोधणारा इसम काळ्या केबलच्या टोकाला सापडला. दहाच्या पान्याने नट सोडवला तर खाली गंजाचा तांबूस थर. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत झाला. टर्मिनलवरच्या पांढऱ्या बुरशीवर गरम पाण्यातला सोडा ओतला, ती फसफसली आणि विरघळली. नट आवळून वर व्हॅसलीनचा हात. एका कप्प्यात पाणी कमी दिसलं, तशी मेव्हण्याने तत्परतेने प्यायची बाटली पुढे केली.

हे नेमकं शिर्डीत. तेल नाकारणाऱ्या दुकानदारांना न जुमानता साईबाबांनी द्वारकामाईत पाण्यावर पणत्या पेटवल्या, ही कथा इथल्या पोरासोरांना पाठ आहे. मामांनी बाटली हळूच बाजूला सारली. "ते बाबा व्हते. आपल्याला डिस्टिल वॉटर लागतं."

सेल्फ मारला. इंजिन पहिल्या हाकेला उठलं, दिवे किंचित मंदावले आणि पुन्हा सरळ झाले. मामांनी दोनशे रुपये घेतले. मेव्हण्याने तीनदा विचारलं, "फक्त?" एवढ्या स्वस्तात बरी झालेली गाडी त्याला पटेना. नव्या बॅटरीला किती पडले असते याचा हिशोब तो लोणीपर्यंत सांगत होता, आणि ते पैसे वाचले याचं त्याला दुःखच झालं होतं.

संगमनेरला चहाला थांबलो. शेजारच्या गाडीचा सेल्फ कण्हला. मेव्हण्याने भरलेला कप तसाच खाली ठेवला, शर्टाच्या बाह्या सारल्या आणि त्या गाडीच्या खिडकीशी जाऊन वाकला.

"मंद होतात का लुकलुकतात?"