चालतं!

देव आहे की नाही, हा प्रश्न आमच्या घरात कधी निघाला नाही. कोथिंबीर उपासाला चालते का, हा मात्र दर एकादशीला निघायचा. आजीच्या मते चालायची नाही. माझी बायको आली ती कोथिंबीर चालणाऱ्या घरातून. तिच्या माहेरी भेंडीही चालते हे कळलं, तेव्हा आजीने व्याह्यांकडे जी नजर टाकली, ती आमच्या नास्तिक काकांच्याही वाट्याला कधी आली नव्हती.

मी स्वतः श्रद्धेच्या बाबतीत मधल्या बाकावरचा. देवळात गेलो तर हात जोडतो, नाही गेलो तर चुटपुट लागत नाही. एकादशी मात्र सोडत नाही. कारण खिचडी. एरवीच्या वारी केलेल्या खिचडीला ती चव येत नाही; तिच्यात चिमूटभर पुण्य कमी पडतं.

तर या खिचडीची कुळकथा मी शोधून काढली. सेलमच्या कारखान्यांत ज्या कंदाचा साबुदाणा होतो, तो कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिथलाच. बटाटा अँडीज पर्वतातला. मिरची, रताळं, राजगिरा हेही अमेरिका खंडांतलेच. यातली बरीचशी मंडळी पोर्तुगीजांच्या कृपेने इकडे उतरली. ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली १२९६ साली आणि कोलंबस जन्मला १४५१ मध्ये. म्हणजे ज्यांच्या पालखीचं दर्शन घेऊन आपण ताटभर खिचडी खातो, त्या माउलींनी दाणे, बटाटा, मिरची डोळ्यांनीही पाहिलेली नव्हती. नामदेव, चोखोबा, जनाबाई, सगळ्यांच्या एकादश्या खिचडीविना गेल्या. ते कशावर दिवस काढत, कोण जाणे. बहुधा खरंच उपाशी राहत असावेत.

उलट वरी बघा. चक्क धान्य! पण ‘धान्य चालत नाही’ म्हणणाऱ्या घरांत तीच वाढतात, वर दाण्याची आमटी ओतून. गहू बिचारा बाहेर उभा. आणि चहा? चीनचं झुडूप, मळे इंग्रजांचे. त्याला कुठल्याच घरात हरकत नाही.

आजी गेल्यावर हे खातं आईकडे आलं आहे. माझं सगळं संशोधन तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “अजून वाढू का?” मी ताट पुढे केलं. तिथे माझी बाजू संपली.

पण मला खरोखरच वाटतं, की धर्मातलं स्वातंत्र्य आपल्याकडे स्वयंपाकघरातून आलं. पोथीत काय लिहिलंय ते पुरुष सांगत बसले; काय चालतं ते बायकांनी ठरवून टाकलं. कुणा आजीच्या पणजीने पहिल्यांदा बटाटा हातात घेतला असेल, उलटसुलट करून पाहिला असेल, ‘कंद आहे, धान्य नव्हे’ म्हणून आत घेतला असेल. त्यासाठी ती कुठल्या पीठाची परवानगी काढायला गेली नसणार. टोमॅटोही तिकडचाच, पण त्याला तिने दारातूनच परत पाठवलं. कारण दिलं नाही. मागायची कुणाची टाप होती?

माझी मुलगी देव मानत नाही. रात्री आठ ते दुपारी बारा ती काही खातही नाही. मोबाइल वेळ मोजतो. बिनदुधाची कॉफी चालते, दूध चालत नाही. पावणेबाराला मी तिच्यापुढे पेढा धरला, तर अंगावर पाल पडल्यासारखी मागे सरकली. एकदा चुकून साखरेचा चहा प्यायली, तर दिवसभर हळहळत होती. आजीने ‘गोळीबरोबर घेतलास ना, मग चालतं’ म्हणून तो चहा पोटात घातला असता. मोबाइल काही पोटात घालत नाही.

परवा, नेमकी एकादशी असताना, तिने किनवाचं पाकीट आणलं. आईने चष्मा लावला.

“कशातलं हे?”

“राजगिऱ्याच्या कुळातलं आहे, आजी.”

“आणि येतं कुठून?”

“दक्षिण अमेरिकेतून.”

आईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पाकीट फोडायला कात्री मागितली.

“मग चालतं. आपला सगळा उपास तिकडूनच येतो, असं तुझा बाबा म्हणतो.”