पान्हेबहाद्दर

मोटारसायकलवरून लांब निघालेल्या प्रत्येक घोळक्यात एक गृहस्थ असे असतात, की ज्यांना कुठेही पोहोचायचं नसतं. बाकीची मंडळी गोव्याला निघालेली असतात. हे निघालेले असतात गाडी बंद पडेल तिथवर. ती कुठे पडेल हे सांगता येत नाही, पण पडणार यावर त्यांची अढळ श्रद्धा असते. सगळ्या गाड्या धडधाकट गोव्यात पोहोचल्या, तर सुरमईच्या ताटावरही ते सुतकी चेहऱ्यानं बसतात.

वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. नोकरी बँकेत नाहीतर सरकारी कचेरीत, जिथे त्यांचं मत कुणी विचारत नाही. घरी तर विचारण्याचा प्रश्नच येत नाही. साहजिकच जगात त्यांच्या शब्दाला वजन असेल अशी जागा एकच उरते: गाव मागे पडलेलं, पुढचं यायचं, मोबाइलला रेंज नाही, आणि मधोमध कुणाचीतरी गाडी रुसून उभी.

या क्षणाची तयारी महिनाभर चालते. कपड्यांच्या नावानं दोन शर्ट आणि एक टॉवेल. बाकी पिशवीत लोखंड. दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधराचे दुतोंडी पान्हे, प्लगपान्हा, ऍलन कीचा जुडगा, पक्कड, चेनची लॉकं, फ्यूज, बाइंडिंग वायर, एम-सील आणि अंगाच्या साबणाची एक कोरी वडी. ही वडी आंघोळीसाठी नाही. टाकीला बारीक चीर जाऊन पेट्रोल झिरपायला लागलं, तर तिथे साबण घासून तात्पुरतं भागतं. आंघोळीचा साबण ते दुसऱ्याकडून मागून घेतात.

प्रवासात सगळे मिसळ कुठली चांगली यावर वाद घालत असताना हे गाड्यांच्या रांगेतून कान लावून हिंडतात. "टॅपेट वाजतोय," असं कुणाच्याही गाडीकडे बघून म्हणतात. ज्याची गाडी असते त्याच्या घशाखाली मग तर्री उतरत नाही. "जाईल का हो गोव्यापर्यंत?" असं त्यानं विचारलं, की हे डोळे मिटून म्हणतात, "बघू."

आमच्या गोव्याच्या प्रवासात हा योग आंबोलीला साधला. आजऱ्याहून वर येताना पावसानं झोडपलं, रेनकोट चढवायला सगळे थांबले, आणि निघताना आमच्यातल्या एका पोराची गाडी काही केल्या चालू होईना. पोराचा चेहरा पडला. पान्हेबहाद्दरांना पान्हा फुटला.

प्रथम त्यांनी सगळ्यांना दोन पावलं मागे सरकवलं. मग गाडीला एक प्रदक्षिणा. टाकीचं झाकण उघडून, गाडी हलवून, आतल्या पेट्रोलचा डुचमळ ऐकला. "इंजिनाला तीनच गोष्टी लागतात," ते म्हणाले, "पेट्रोल, हवा आणि ठिणगी. तीनपैकी एक रुसली आहे." हे खरंच आहे, आणि त्यांच्या तोंडून ऐकताना गाभाऱ्यात उभं राहिल्यासारखं वाटतं हेही खरं. पावसाच्या धारा, वर दोघांनी धरलेला रेनकोट, खाली उकिडवे बसलेले ते. फडक्यात धरून प्लग बाहेर आला.

प्लगवाचन हा त्यांच्या विद्येचा कळस. पत्रिका बघणाऱ्या गुरुजींनी भिंग लावावं तसा तो छोटासा ऐवज ते उजेडाकडे धरतात. टोक बिस्किटाच्या रंगाचं असेल तर प्रकृती उत्तम. काजळी धरलेलं असेल तर पेट्रोल जास्त, हवा कमी. पांढरंफटक पडलं असेल तर उलट. तेलकट असेल, तर ऑइल वर चढतंय, खर्चाला तयार राहा. आमच्या पोराचा प्लग बिस्किटाच्या रंगाचा निघाला. त्यानं ते खचले नाहीत. प्लग टोपीत घालून इंजिनाच्या पत्र्याला टेकवला आणि म्हणाले, "मार किक." ठिणगी नाही. पुन्हा किक. नाही. "कॉइल," त्यांनी जाहीर केलं. कॉइल गेली याचा आनंद इतक्या निर्मळपणे व्यक्त झालेला मी पाहिलेला नाही.

एव्हाना बघे जमले होते. आपल्याकडे आडरानात गाडी बंद पडली तरी पाचव्या मिनिटाला माणूस उगवतो आणि सातव्या मिनिटाला तो सल्ला देतो. गुरं घेऊन निघालेल्या एका आजोबांनी इरल्याखालून विचारलं, "पेट्रोल असा मां?" हा प्रश्न पान्हेबहाद्दरांच्या जिव्हारी लागतो. पण खरी जुंपली ती मागून येऊन थांबलेल्या जीपवाल्याशी. तोही याच जातकुळीचा. "पॉइंट साफ केलेत?" त्यानं विचारलं. "या गाडीला पॉइंट नसतात," हे म्हणाले. "मग पाणी शिरलंय." "कुठे?" "कुठेतरी." दोन पहिलवान एकमेकांच्या मनगटाचा अंदाज घेत राहिले. टाकी उतरवायची की नाही यावर मतभेद झाले आणि टाकी उतरवण्यात आली.

तेवढ्यात जीपमधल्या एका शाळकरी मुलानं हँडलवरचं लाल बटण दाबलं. रेनकोट चढवताना बाहीनं किल स्विच बंद झाला होता. टाकी परत बसवली, किक मारली, गाडी सुरू. क्षणभर कुणी बोललं नाही. मग पान्हेबहाद्दर हात पुसत म्हणाले, "मी सगळी कनेक्शनं सुकवली म्हणून आता बटण घेतलं तिनं." जीपवाल्यानं मान डोलावली. अशा वेळी ही जमात एकमेकांना सांभाळून घेते.

त्यांना हसणं सोपं आहे, आणि मी हसतोही. पण त्याच प्रवासात सावंतवाडीच्या पुढे मिट्ट काळोखात माझ्या गाडीची क्लच केबल तुटली. तेव्हा कळलं, की निघायच्या आधीच त्यांनी माझ्या केबलच्या शेजारून दुसरी कोरी केबल ओवून टेपनं बांधून ठेवली होती. मला न विचारता! दोन टोकं अडकवली, नट पिळला, झालं. एवढंच नाही, तर केबल नसतीच तर क्लचशिवाय गाडी कशी न्यायची, म्हणजे ढकलत पळवून पहिला गिअर कसा टाकायचा आणि पुढचे गिअर अॅक्सिलरेटर सोडून अलगद कसे बदलायचे, याचं प्रात्यक्षिकही झालं. गाडी दुरुस्त झालेली असताना. रात्री. जेवण बाकी असताना.

त्यांचा सुवर्णकाळ म्हणजे जुनी बुलेट. किक मारण्याआधी डीकॉम्प्रेशनचा खटका दाबून अँपिअर मीटरचा काटा मधोमध आणायचा, नाहीतर किक उलटी येऊन नडगी फोडायची. येझदीत किक आणि गिअर एकाच दांड्यावर. चेतक सकाळी कुशीवर निजवल्याशिवाय उठत नसे. माणसाची किंमत तेव्हा अशा खुब्यांवर ठरे. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली आणि पहिला घाव बसला. कटकट न करणारी गाडी ही त्यांच्या दृष्टीनं गाडीच नव्हे.

एक आधार उरला होता तो लडाखचा. हवा विरळ झाली, की कार्बोरेटरमधून पेट्रोल जास्त पडतं, प्लग काजळतो, गाडी खोकायला लागते आणि धापा टाकणाऱ्या पोरांमध्ये हे एकटे टवटवीत. तिकडच्या वाटेवर लाहौलमध्ये तांडीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी होती. लोक तिच्यासमोर धास्तावून फोटो काढत. हे समाधानानं.

मग १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ चे नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. पेट्रोल किती सोडायचं ते आता सेन्सर आणि एक डबी मिळून ठरवतात. उंचीचा हिशेबही तीच करते. बिघाड झाला तर मीटरवर पिवळा इंजिनाचा दिवा लागतो आणि कारण विचारायला यंत्र जोडावं लागतं. बऱ्याच गाड्यांना किकही नाही. अशा गाडीपुढे पान्हेबहाद्दर परक्या देवळात आल्यासारखे उभे राहतात. कान लावतात, काही बोलत नाहीत. पंक्चर आणि चेन एवढंच वतन शिल्लक आहे, आणि ट्यूबलेस टायरनं त्यातलंही अर्धं नेलं.

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. पिशवी दिवाणखान्यात उघडलेली, प्रत्येक पान्ह्याला तेलाचा हात. आतून खलबत्त्याचा आवाज येत होता. वहिनी लसणाची चटणी कुटत होत्या, कारण मिक्सर दिवाळीपासून बंद आहे. "कपलर गेलाय, बघतो रविवारी," हे म्हणाले. वहिनी बत्ता हातात घेऊनच बाहेर आल्या. "भावजी, पुढच्या ट्रिपला तो मिक्सर तुमच्या मागच्या सीटला बांधून देते," त्या म्हणाल्या. "आंबोलीत पोहोचलात की बंद पडला म्हणून सांगा. लगेच बघतील."